कोरी चौकट

छापखाना, वरचा मजला
४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा राज्यपालपदाचा शपथविधी आम्ही सगळ्यांनी खाली मशीनपाशी उभं राहून रेडिओवर ऐकला. तुझा आवाज दोनदा अडकला. कुणीतरी म्हणालं, भरून आलं असेल. मी सांगितलं की भरून वगैरे काही नाही, कोट पोटावर घट्ट झालाय. शिंप्याला माप देताना पोट आत ओढून उभा राहिलास की असंच होणार.

आजपासून शेवटच्या पानाच्या तळाशी प्रकाशक म्हणून तुझ्याऐवजी माझं नाव येतं. मुंगीएवढं अक्षर, पण मी ते पुन्हापुन्हा वाचलं. यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि संपादकाने आता बायकोला मालकीणबाई म्हणायचं का, असं विचारलं. मी म्हटलं, घरी म्हणता तेच म्हणा, फक्त अग्रलेख वेळेवर द्या.

तुझी शिस्त मोडलेली नाही. प्रकाशकाच्या सहीशिवाय शेवटचं पान मशीनवर चढत नाही, आणि सहीपायी मशीन कधी थांबत नाही. तू अर्धी दाढी करून, एका गालाला साबण तसाच ठेवून जिना उतरायचास. आता मी ओले केस घेऊन उतरते. मशीन थांबलं की पेपर मेला, हे तुझं वाक्य मशीनमन मलाच ऐकवतात.

यांचा दमा सध्या ताब्यात आहे. पंप खिशात असतो. असतो म्हणजे मी ठेवते. शाई आणि कागदाची धूळ सोडा म्हणून डॉक्टर सांगतात, पण ते सोडून हे करणार काय, ते सांगत नाहीत.

वहिनी गेल्यापासून तू एकट्याने कधी जेवला नाहीस. तिथे कोण बसतं पानावर तुझ्याबरोबर, ते कळव. इथून लोभ भरपूर बांधून दिलाय, जपून न ठेवता वापरत जा.

तुझी,
भुणभुण


राज्यपाल निवास
१९ मार्च

चि. भुणभुणीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून बरं वाटलं. इथे माझ्यावर कुणीच वैतागत नाही, त्यामुळे तब्येत बिघडेल की काय अशी भीती वाटते. लहानपणी तू कानाशी अशी भुणभुण लावायचीस की मी उशी घेऊन गच्चीवर पळायचो. आता इथल्या गच्चीवर पहारा आहे आणि कानाशी कुणी नाही.

जेवायला एक लांबच लांब टेबल आहे. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला फुलदाणी. आमचं बरं जमतं, ती मध्येच बोलत नाही. सकाळी फिती कापतो. कात्री तबकात येते आणि कापून झाली की लगेच तबकात परत जाते, मी खिशात घालीन अशी त्यांना शंका असावी. दुपारी सह्या. जिथे सही हवी तिथे सचिव पिवळी चिठ्ठी चिकटवून आणतात. ठरवायचं मंत्र्यांनी आणि सही माझी. एखादा कागद पटला नाही तर फेरविचारासाठी म्हणून एकदाच परत धाडता येतो. तो पुन्हा आला की मुकाट्याने सही करायची. माझ्या आधीच्या कुणीही कधी कागद परत धाडलेला नाही, हे सचिवांनी पहिल्याच दिवशी कौतुकाने सांगितलं.

परवा मुख्यमंत्र्यांकडे जेवण होतं. सगळे इतके गप्प की मीच गोष्टी सांगायला लागलो. आपल्या कोऱ्या चौकटीची गोष्ट सांगितली. जुन्या सरकारने बातमी अडवली की त्या जागी आपण दुसरा मजकूर न घालता चौकट कोरीच सोडायचो, आणि बातमी वाचून लोकांना जेवढं कळलं नसतं त्याहून जास्त त्या कोऱ्या जागेतून कळायचं. शेवटी त्या सरकारने हात टेकले. टेबलावर सगळे हसले. मुख्यमंत्र्यांनी तर ती गोष्ट पुन्हा सांगायला लावली, फार बारकाईने ऐकतात.

संपादकमहाशयांना म्हणावं, रोज वाचतो. परवाच्या अग्रलेखात एक वाक्य जास्त होतं. आठवण येते असं लिहिलं तर तू हसशील, म्हणून लिहीत नाही.

तुझा,
दादा


छापखाना
२ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बऱ्याच दिवसांत लिहिलं नाही, कारण हात रिकामे नव्हते. नदीपलीकडच्या सरकारी गोदामाचं नवं छप्पर कोसळलं, हे तुझ्या कानावर आलं असेल. रात्रपाळीचे हमाल पोत्यांवरच झोपले होते. सरकारी पत्रकात लिहिलं होतं की काही मजूर जखमी झाले. हे स्वतः तिथे गेले आणि ढिगाऱ्याजवळ बसलेल्या बायकांकडून एकेक नाव लिहून घेऊन आले. धुळीत उभं राहिल्यामुळे परत आल्यावर इतका दम लागला की बोलताही येईना, नावं मला खुणेने दाखवली.

मेलेल्यांची ती यादी पहिल्या पानावर लावली होती. संध्याकाळी माहिती खात्याचा माणूस आला, खुर्चीवर टेकलासुद्धा नाही, आणि नावं छापायची नाहीत एवढा हुकूम देऊन गेला. यांनी माझ्याकडे पाहिलं, मी यांच्याकडे. दोघांनाही तूच आठवलास. मथळा तसाच ठेवला आणि खाली चौकट कोरी सोडली.

दादा, पुढे जे झालं ते तुझ्या वेळीसुद्धा झालं नव्हतं. लोकांनी त्या चौकटीत पेनाने नावं लिहिली. कुणी बापाचं, कुणी भावाचं. ती पानं दुकानांच्या फळ्यांवर, बसथांब्यावर, दवाखान्याच्या भिंतीला चिकटली. एक म्हातारी छापखान्यात आली. लिहिता येत नाही म्हणाली, आणि मुलाचं नाव यांच्याकडून चौकटीत लिहून घेतलं. हे लिहीत होते आणि ती अक्षरांवरून बोट फिरवत होती. मला तिथे उभं राहवलं नाही.

मंत्रिमंडळ चिडलं आहे असं ऐकते. तू काळजी करू नकोस, आम्ही तयार आहोत. तुझ्या फुलदाणीला नमस्कार. माया आहे तेवढीच राहू दे, वाढवलीस तर पत्र लांबतं.

तुझी,
भुणभुण


राज्यपाल निवास
११ मे

चि. भुणभुणीस,
अ. उ. आ.

हे पत्र वाचताना बसून घे आणि संपादकांनाही बसव.

काल संध्याकाळी मी बाहेर जायला निघालो होतो, एक हात कोटात होता. सचिव फाइल घेऊन आले. सोबत अध्यादेश आहे, राजपत्राचं पान लागलंय, फक्त सहीसाठी मशीन थांबलंय, असं म्हणाले. एवढंच म्हणाले. मी पिवळी चिठ्ठी पाहिली, उभ्याउभ्याच सही केली आणि दुसरा हात कोटात घातला. उलट मनातल्या मनात त्यांच्यावर चिडलो की मशीन थांबवून ठेवतात म्हणजे काय. तुला माझी ती चीड माहीत आहे.

आज सकाळी राजपत्रात वाचलं. वृत्तपत्रात कोणतीही चौकट, रकाना किंवा मथळ्याखालची जागा मुद्दाम कोरी सोडणं हा गुन्हा. संपादकाला थेट अटक. आपला एक शब्दसुद्धा त्यांनी सोडलेला नाही, जेवणाच्या टेबलावर मी सांगितला तसाच्या तसा आहे. त्यांना हे सुचलं नसतं ग. मी सुचवलं. आणि फाइल एकदा परत धाडण्याचा जो एक अधिकार मला होता, तोही मी वापरला नाही, कारण मी वाचलंच नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची प्रुफं वाचली आणि जे वाचायचं ते वाचलं नाही.

एकच दिलासा आहे. प्रकाशकावर खटला भरायला माझी मंजुरी लागते, त्यामुळे तुला कुणी हात लावू शकत नाही. पण संपादकांना लावू शकतात. हात जोडून सांगतो, कोरी जागा सोडू नका. काहीही घाला, हवामान घाला, शब्दकोडं घाला, माझा फोटो घाला.

तुझा,
दादा


छापखाना
१६ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचायच्या आधीच यांना नेलं. पोचलं असतं तरी फरक पडला नसता.

गोदामाच्या चौकशीची बातमी पुन्हा अडवली. अध्यादेश वाचला होता, म्हणून तू न सांगताच मी शब्दकोडं काढून हातात धरून उभी होते. खरंच होते, लपवत नाही. यांनी ते माझ्या हातातून घेतलं, घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले की त्या म्हातारीला मी तोंड कसं दाखवू. चौकट कोरी गेली. सकाळी पोलीस आले तेव्हा हे दात घासत होते. चूळ भरली, तोंड पुसलं आणि गेले. जाताना प्रकाशकांचा याच्याशी संबंध नाही, निर्णय माझा, असं दोनदा लिहून दिलं.

पंप गादीखाली सापडला. त्या दिवशीच खिशात ठेवायचा राहिला होता. मी धावत चौकीवर गेले, त्यांनी ठेवून घेतला, पोचवतो म्हणाले. पोचला की नाही ते कळत नाही.

तुझ्यावर रागावू की नको हे ठरवायला मला वेळ नाही. तुला तिथे कोट घालून वर बसवलं ते इथून उठवण्यासाठी, हे मला तेव्हाच वाटलं होतं, पण तू इतका खूश होतास की बोलले नाही. आता एवढंच कर. यांना सोडवता येत नसेल तर निदान पंप पोचव. तुझ्या ओळखीचा तेवढा तरी उपयोग होऊ दे.

तुझी,
भुणभुण


राज्यपाल निवास
३० मे

चि. भुणभुणीस,
अ. उ. आ.

मुख्यमंत्र्यांना भेटलो. मला दारापर्यंत सोडायला आले, इतके नम्र. हा विषय मंत्रिमंडळाचा, आपण त्यात पडून पदाची शोभा घालवू नये, असं म्हणाले. पंपाबद्दल विचारलं तर तुरुंगाचे डॉक्टर सक्षम आहेत. मग मी तुरुंगाला भेट द्यायचं ठरवलं. राज्यपालांना ती मुभा आहे. ताजा चुना लावलेली एक बराक दाखवली, तिथल्या कैद्यांच्या अंगावर घडी न मोडलेले कपडे. संपादकांना त्याच सकाळी दुसरीकडे हलवलं होतं. मी पंप अधीक्षकाच्या हातात दिला. त्याने तो तबकात ठेवला.

राजीनामा देणार होतो. लिहिलाही आहे, उशाशी आहे. पण मी उठलो की जो येईल तो पहिल्याच दिवशी तुझ्यावरच्या खटल्यावर सही करील. म्हणून बसलो आहे. हे खरं कारण आहे की खुर्चीची सवय, ते मी रोज स्वतःला विचारतो.

पुढच्या महिन्यात अधिवेशन आहे. माझं अभिभाषण मंत्री लिहितात, मी वाचतो. त्यात एक परिच्छेद आहे की वृत्तपत्रांनी स्वखुशीने केलेल्या सहकार्याबद्दल माझं सरकार आभारी आहे. तो माझ्या तोंडून जाणार आहे. काय करू ते संपादकांना विचारून कळव. तेच माझं वाक्य नेहमी सुधारत आले आहेत.

तुझा,
दादा


छापखाना
१२ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आज भेट मिळाली. जाळीच्या पलीकडे हे उभे होते, भिंतीला टेकून. खांदे वर चढलेले. श्वास ऐकू येत होता, मध्ये इतका गोंगाट असूनही. तू दिलेला पंप मिळाला होता, तो संपला. मी नवा नेला होता, तो दारावर काढून घेतला, नियमात बसत नाही म्हणून.

मला हसवायचा प्रयत्न केला. तुरुंगातल्या वाचनालयात आपला पेपर येतो, पण आधी कुणीतरी कात्री लावून बातम्या कापतं, म्हणजे इथे सगळं पानच कोरं मिळतं, असं सांगितलं. मी हसले. मग खोकला आला आणि वेळ त्यातच गेली.

तुझा प्रश्न मी सांगितला. त्यांनी थोडा दम खाल्ला आणि म्हणाले, दादांना सांग, मशीन थांबवा. एवढंच. तो परिच्छेद आला की वाचू नये. बोलूही नये. तो वाचायला जितका वेळ लागला असता तितका वेळ नुसतं उभं राहावं आणि मग पुढे जावं. चौकट कोरी सोडावी. तुझ्यावर गुन्हा लावता येत नाही, आणि सगळा प्रांत रेडिओवर ऐकत असेल. मग त्यांना सोडावंच लागेल असं यांना वाटतं. मलाही वाटतं. वाटून घेते आहे.

दादा, मी तुझ्याकडे आजवर कधी काही मागितलं नाही. हे मागते. आम्ही सगळे मशीनपाशी रेडिओ लावून उभे राहू.

तुझी,
भुणभुण


राज्यपाल निवास
२२ जून

चि. भुणभुणीस,
अ. उ. आ.

तू ऐकलंसच.

मी थांबलो होतो. खरंच थांबलो होतो. पाण्याचा पेला उचलला, ठेवला. सभागृह गप्प झालं. कुणीतरी खाकरलं. सचिव अर्धे उठले आणि मी जागा चुकलो असं समजून कागदावर बोट ठेवून ओळ दाखवू लागले. आणि माझं तेच जुनं सुरू झालं. सगळं थांबलंय, माझ्यामुळे थांबलंय, लोक ताटकळलेत. ती धग मी आयुष्यभर सोसली आहे, जिना उतरताना. मला ती सोसेना. मी वाचलं. अगदी स्वच्छ वाचलं.

नंतर सगळ्यांनी उच्चारांचं कौतुक केलं.

भिऊन नाही वाचलं. भिऊन वाचलं असतं तर बरं, भीतीला माफी असते. संपादकांना काय सांगशील ते तू ठरव. माझी बाजू सावरून सांगू नकोस.

दादा


छापखाना
७ जुलै

मा. राज्यपाल महोदयांस,
स. न. वि. वि.

आपणांस कळवण्यास वाईट वाटते की आमच्या पत्राचे संपादक तुरुंगाच्या दवाखान्यात परवा पहाटे वारले. दमा. शेवटी कुणी जवळ नव्हते. कपड्यांचे गाठोडे मिळाले. खिशात घडी केलेले शब्दकोडे होते, अर्धे सोडवलेले.

आपल्या अभिभाषणाबद्दल मी त्यांना काही सांगितले नाही. पण तुरुंगातही रेडिओ आहे. शेवटच्या भेटीत त्यांनी विषय काढला नाही. निघताना फक्त म्हणाले की दादा आता जेवणाच्या टेबलावर एकटेच असतील.

मृत्युलेखात ते कुठे आणि कसे गेले हे लिहायचे नाही, अल्पशा आजाराने निधन असे लिहावे, असा निरोप घेऊन माहिती खात्याचा तोच माणूस आला होता. या वेळी तो बसला, मान खाली घालून. मी त्याला चहा दिला. मग पहिल्या पानावर यांचे नाव घातले आणि खाली चौकट कोरी सोडली. आता संपादक नाही. सहीही माझी आणि निर्णयही माझा. माझ्यावरील खटल्याचा कागद मंजुरीसाठी आपणाकडे येईलच. आपण थांबू नये. मशीन ताटकळते.

कळावे.

प्रकाशक


राज्यपाल निवास
२१ जुलै

चि. भुणभुणीस,
अ. उ. आ.

आशीर्वाद लिहायचा हक्क उरला आहे का, माहीत नाही. हात सवयीने लिहितो.

तुझं पत्र घेऊन मी त्या टेबलापाशी बसलो होतो. तो माझ्या जेवणाची काळजी करत गेला. मला रडायला येईना, म्हणून फुलदाणी दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगितली. मग आलं.

तुझ्यावरच्या खटल्याची फाइल सोमवारी आली. मी ती वाचली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मग शेवटापासून सुरुवातीपर्यंत, आपण जशी प्रुफं वाचायचो तशी. सचिव उभे होते. आज दुपारच्या राजपत्रात घ्यायचं आहे, पान लागलं आहे, मशीन थांबलं आहे, असं म्हणाले. मी पेनाला टोपण लावलं आणि म्हटलं, थांबू दे. त्यांना ऐकू गेलं नाही असं वाटून त्यांनी पुन्हा सांगितलं. मीही पुन्हा सांगितलं.

ते रोज येतात. काल मुख्यमंत्री स्वतः आले. ती धग उठते, अजून उठते. मी बसून राहतो. फाइल परत धाडली तर ती पुन्हा येईल आणि सही करावीच लागेल. पण किती दिवसांत सही करायची, हे कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. म्हणून परतही धाडत नाही, सहीही करत नाही. माझ्या हातात एवढंच होतं, आणि हे मला दोन महिन्यांपूर्वी जमलं असतं तर तो घरी असता. हे मी रोज मोजून गिळतो.

मला काढतील. नवा माणूस येईल आणि सही करील. तोवर पेपर काढ. काढलं की मी कुठे जायचं, हे विचारायला तोंड नाही, तरी विचारतो. खालच्या मजल्यावर प्रुफं वाचायला कुणी लागत असेल तर कळव.

दादा


छापखाना
३ ऑगस्ट

दादास,


तुझं पत्र मिळालं. फाइल अजून टेबलावरच आहे हे बाहेर कळलं आहे. मशीनमननी मला विचारलं की दादांनी खरंच मशीन थांबवलं का. मी हो म्हटलं. ते बराच वेळ हात पुसत राहिले.

यांच्या चौकटीची पानं परत येत आहेत. हे कसे गेले, कुठे गेले, ते लोक त्यात लिहून पाकिटात घालून पाठवतात. त्या म्हातारीनेही पाठवलं, दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊन. मी ती सगळी दोरीने बांधून ठेवली आहेत. अजून वाचलेली नाहीत.

प्रुफं वाचायला माणूस लागतो. तुझी खोली आहे. ये. जेवायला दोघं असू. फक्त खाली यांची खुर्ची आहे, तिच्यावर बसू नकोस आणि कुणाला बसू देऊ नकोस. ती तशीच ठेवायची आहे.

वर तुझ्या नावाखाली नमस्काराची जागा सोडली आहे, ती तू पाहिलीस ना? लिहायला घेतलं, लिहवलं नाही. दुसरं काही घालून ती भरावी असंही वाटलं नाही.

भुणभुण